झाकण न उघडता

मी एक जुना डच ओव्हन आहे. मित्रांनो, नाव ऐकून फसू नका. मला वायर नाही, बटण नाही, काचेचे दारही नाही. मी बिडाचे एक जाडजूड काळे भांडे आहे. मला तीन आखूड पाय आहेत, त्यामुळे माझ्या खाली निखारे मावतात. माझ्या झाकणाला उभा काठ आहे, त्यामुळे वरही निखारे मावतात. खालून आग, वरून आग आणि मधे मी शांत. असे शांत राहणे सोपे नसते.

आमच्या यूटा राज्याचा एक पक्षी ठरलेला आहे, एक फूल ठरलेले आहे आणि एक भांडेही ठरलेले आहे. ते भांडे म्हणजे आम्ही डच ओव्हन. प्रेशर कुकर नाही, कढई नाही, आम्ही! हे सांगताना माझी कडी जरा ताठ होते, पण खरे ते सांगायला कसली लाज?

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. लालभडक वितळलेले बीड ओतले, ते थिजले, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होतो. एल्क बेंच गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्यांच्या पेट्यांशेजारी बसून असे. तिथून मला डेव्हॉन बॅगली नावाच्या तरुणाने घेतले. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला त्याने मला कागदात गुंडाळून बायकोपुढे ठेवले. मर्लीनने कागद फाडला, मला पाहिले आणि म्हणाली, "अरे, मला वाटलं हातमोजे असतील."

"एवढे जड हातमोजे?" डेव्हॉन म्हणाला.

त्या गोष्टीला आता पंचेचाळीस वर्षे होऊन गेली.

मित्रांनो, बिडाच्या भांड्याला साबण चालत नाही. गरम पाणी आणि ब्रश एवढेच पुरते. मग लगेच आचेवर कोरडे करायचे आणि आतबाहेर तेलाचा पातळ हात फिरवायचा. ते तेल वर्षानुवर्षे मुरत जाते आणि काळीभोर झिलई चढते. तीच आमची कातडी. मर्लीनने माझी कातडी एवढी जपली, की माझ्या तळात तिला तिचा चेहरा दिसायचा. केस नीट करायला ती कधीकधी माझ्यात डोकावत असे, हे मी कुणाला सांगितलेले नाही.

तिच्या हाताखाली मी काय काय शिजवले! हरणांच्या शिकारीच्या मोसमात डोंगरावर बटाटे, कांदा आणि खारवलेले मांस. कुणाच्या घरी बाळ जन्मले की कोंबडी. कुणी गेले की चीजमधले बटाटे, कारण आमच्याकडे दुःखातही माणसे जेवल्याशिवाय राहत नाहीत आणि राहूही नयेत. पण माझा खरा मान सप्टेंबरमध्ये. बागांतले पीच उतरले की एका शनिवारी गावच्या मैदानावर डच ओव्हनची स्पर्धा भरते. स्पर्धा म्हणायची एवढेच. प्रत्येक जोडीने एक पदार्थ करायचा, परीक्षकांनी एक एक चमचा खायचा आणि उरलेले सगळे गावाने संपवायचे. बक्षीस म्हणजे घोड्याचा एक जुना नाल. जिंकणाऱ्याने तो वर्षभर आपल्या दारावर ठोकायचा.

स्पर्धेचा नियम एकच कडक आहे. वेळ होण्याआधी झाकण उघडायचे नाही. झाकण उघडले की वाफ जाते, ऊब जाते आणि पदार्थ रुसतो. कुणी चोरून झाकण उचललेच, तर सारे मैदान एका सुरात ओरडते, "झाकण!" आणि त्याचा एक गुण जातो. गेल्या कित्येक वर्षांत मर्लीनसाठी कुणाला ओरडावे लागले नव्हते. तिला डोकावायची गरजच पडत नसे. ती दहा पावलांवर उभी राहून गप्पा मारत असे आणि मधेच नाक वर करून म्हणे, "डेव्हॉन, झालं." आणि खरेच झालेले असे. लोक म्हणत, बॅगलीबाईंच्या नाकात घड्याळ आहे. पाच वेळा तो नाल आमच्या दारावर लागला. मनात म्हणायचो, नाक तिचे, पण पोट माझे!

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मर्लीनला मोठे दुखणे आले. ताप, खोकला, दोन आठवडे दवाखाना. आमच्याकडे कुणी आजारी पडले की चर्चमधल्या बायका घराचा ताबा घेतात. कुणी जेवण आणते, कुणी कपडे धुते. एके दिवशी स्वयंपाकघर ग्रेटा नोवाकच्या वाट्याला आले. ग्रेटा शेजारी राहायला येऊन जेमतेम वर्ष झाले होते. ती ओहायोची. तिच्याकडची भांडी आरशासारखी चकचकीत असतात. तिने मला पाहिले आणि "अगंबाई, केवढी ही काजळी!" म्हणून कंबर कसली. भरपूर साबण, तारेची घासणी आणि पूर्ण एक तास. मला ओरडता आले असते तर गाव गोळा झाले असते. बेचाळीस वर्षांची कातडी नळाखालून वाहून गेली. मग तिने मला ओलाच शेडमध्ये नेऊन पालथा घातला आणि समाधानाने घरी गेली. उपकाराच्या भरात माणूस काय करील सांगता येत नाही.

मर्लीन घरी आली, पण माझ्याकडे आली नाही. गंज चढू लागला. कोळी झाकणाच्या काठावर राहायला आले. मला वाटले, माझे रूप पाहून तिने मला टाकले. फार वाईट वाटले, मित्रांनो. मी रागावलोही.

मग एका दुपारी ती एकटीच शेडमध्ये आली. तिने मला सुलटे केले, झाकण काढले आणि तोंड अगदी माझ्या आत घातले. मोठा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. गंजाचा, मातीचा, जुन्या तेलाचा, कसला तरी वास माझ्यातून नक्की येत असणार. पण ती हळूच म्हणाली, "काहीच नाही." झाकण लावून ती निघून गेली. तेव्हा मला कळले, की दुखण्यापासून तिला वास येत नव्हता आणि चवही लागत नव्हती. माझा राग तिथल्या तिथे विरघळला.

तिने हे कुणालाही सांगितले नाही. हात दुखतात म्हणाली, स्पर्धेचा कंटाळा आला म्हणाली. ज्या बाईची गावात ओळखच नाक, तिने नाक गेले हे कोणत्या तोंडाने सांगावे? घरात डेव्हॉनला काही कळण्याचा संभव नव्हता. त्याला दगड उकडून दिला तरी तो "मस्त झालाय" म्हणतो.

यंदा जूनमध्ये ते दोघे भांडतच शेडमध्ये शिरले.

"मला न विचारता नाव दिलंस? कुणी सांगितलं होतं तुला?"

"अगं, तीन वर्षं झाली. लोक विचारतात. मी म्हटलं, येणार आम्ही."

"मला वास येत नाही, डेव्हॉन!"

तो थबकला. "कशाचा?"

"कशाचाच नाही. चवही लागत नाही. दुखण्यापासून."

डेव्हॉन बोटांवर काहीतरी मोजू लागला. मग म्हणाला, "म्हणजे ईस्टरला तू केलेला तो खारट स्टू..."

"खारट होता? तू दोनदा घेतलास की!"

"मग काय उपाशी राहू?"

मर्लीन आधी हसली आणि मग रडली. डेव्हॉनने आपला तेलकट रुमाल पुढे केला, तिने तो नको म्हटले. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. बोटाने गंज खरवडत ती म्हणाली, "ठीक आहे. एकदा करून बघते. पण नीट जमलं नाही, तर मी पुन्हा चुलीकडे फिरकणार नाही. आणि हे भांडं ग्रेटाला देऊन टाकायचं. किती दिवस मागतेय ती, पेटुनियाची फुलझाडं लावायला."

पेटुनिया! राज्याच्या भांड्यात! आणि मागणार कोण, तर जिने माझी कातडी सोलली ती! मी तिथेच ठरवले, की माझ्याकडून कसूर होणार नाही.

तो उन्हाळा आमच्या मेहनतीचा होता. त्यांनी व्हिनेगरने माझा गंज काढला. मग तेलाचा पातळ हात आणि कडक आच, पुन्हा तेल, पुन्हा आच, असे नऊ वेळा केले. कातडी परत आली, पण ती नवी होती, कोवळी होती. पीच आंबट असतात आणि कोवळ्या कातडीतून ते बिडाची चव ओढून घेतात. खाताना लोखंड लागते. मर्लीन तर पीचच करायचे म्हणून हटून बसली होती. तळाला पीचच्या फोडी, साखर आणि दालचिनी, वर लोणी घातलेल्या पिठाचा जाड थर.

पहिल्या वेळी तळ करपला आणि ती शेजारी बसून असूनही तिला कळले नाही. ते कोंबड्यांनी खाल्ले. दुसऱ्या वेळी डेव्हॉन म्हणाला, "मस्त झालंय," आणि कोंबड्यांनी तोंड फिरवले. मर्लीन म्हणाली, "तुझ्यापेक्षा कोंबड्या बऱ्या. खरं बोलतात तरी."

तिसऱ्या वेळी ती थकून माझ्याजवळ गवतावरच बसली. सगळीकडे शांत होते. तिने मान तिरकी केली आणि मग आणखी खाली वाकली.

"डेव्हॉन, हे बोलतंय."

"कोण?"

"भांडं. मघाशी भराभर बुडबुडत होतं. आता सावकाश झालंय."

मित्रांनो, मी पंचेचाळीस वर्षे बोलतच होतो! रस पातळ असतो तेव्हा मी घाईघाईने बुडबुडतो. रस दाटला की जड आवाजात, थांबत थांबत बोलतो. आणि मी गप्प झालो, तर समजावे की साखर तळाला धरली. तिला नाक होते तोवर कानाची गरज पडली नव्हती, एवढेच. त्या दिवसापासून ती रोज माझ्याजवळ बसून ऐकू लागली. डेव्हॉन म्हणे, "लोक म्हणतील बॅगलीबाईंना वेड लागलं."

"म्हणू देत. तू ढवळाढवळ करू नकोस. खाली नऊ, वर पंधरा निखारे, तेवढं मोज."

स्पर्धेचा शनिवार उजाडला. मैदानावर बारा टेबले मांडली होती आणि शेजारचेच टेबल ग्रेटाचे होते. हो, त्याच ग्रेटाचे! गेल्या तीन वर्षांत तिला आमच्या खेळाची अशी गोडी लागली होती, की मागच्या वर्षीचा नाल तिच्याच दारावर होता. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"मर्लीन, अगं, हे तेच भांडं? किती छान काळं झालंय!"

"बघ, अजून पेटुनियाला देत नाही म्हटलं."

"माझी पेटुनिया थांबतील," ग्रेटा म्हणाली आणि का कोण जाणे, तिने नजर वळवली.

सुरुवात छान झाली. निखारे पांढुरके झाले, मला खाली नऊ आणि वर पंधरा मिळाले. दर दहा मिनिटांनी डेव्हॉन मला पाव वळण एकीकडे फिरवी आणि झाकण पाव वळण दुसरीकडे. मर्लीन छोट्या स्टुलावर माझ्याकडे कान करून बसली होती. मी बुडबुडू लागलो. ती स्वतःशीच मान डोलवत होती. मग घळीतून वारा सुटला. एका बाजूचे निखारे फुलले आणि माझी डावी कूस तापू लागली. मी तिकडून सावकाश आणि इकडून भराभर बोलू लागलो. मर्लीनने लगेच ऐकले. "डेव्हॉन, वाऱ्याकडचे दोन काढ." त्याने काढले. मला वाटले, आता गंगेत घोडे न्हाले.

शेवटची पंधरा मिनिटे उरली होती आणि नेमका तेव्हाच अग्निशमनाचा बंब मैदानात शिरला. दर वर्षी मुलांसाठी तो भोंगा वाजवतो. त्याच्या मागून शाळेचे बँडपथक, संध्याकाळच्या फुटबॉल सामन्याच्या तयारीने आलेले. ढोल, तुताऱ्या, भोंगा! मी जीव तोडून बोलत होतो, पण मलाच माझा आवाज येत नव्हता. मर्लीन गुडघ्यांवर आली, माझ्यावर वाकली, आचेने तिचा गाल लाल झाला. तिचा हात झाकण उचलायच्या आकड्याकडे गेला. एक गुण गेला तरी चालेल, असे तिच्या तोंडावर लिहिले होते. पण उघडून तिला काय कळणार होते? करपणे तळाला असते आणि वर तर पिठाचा थर. वास सांगणार नाही, चव सांगणार नाही. तिचे डोळे भरून आले.

"जमत नाही रे," ती म्हणाली. "नेऊ दे ग्रेटाला हे भांडं."

तेव्हा डेव्हॉनने काय केले सांगू? तो आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकाबद्दल शहाण्यासारखे बोलला.

"आकडा दे इकडे. बघ, ट्रॅक्टरचं बेअरिंग वाजतंय का ते आम्ही असंच ऐकतो. इंजिन कितीही धडधडू दे."

त्याने आकड्याचे लोखंडी टोक माझ्या कुशीला टेकवले आणि लाकडी मूठ तिच्या कानामागच्या हाडाला लावली. दुसरा कान त्याने आपल्या पंज्याने झाकला.

मी सगळा जीव एकवटून बोललो. बुडूक. थांबून, बुडूक. आणखी थांबून, बुडूक.

मर्लीनचा चेहरा उजळला. ती पुटपुटली, "आहेस तू. ऐकू येतोस."

"मर्लीन!" शेजारून ग्रेटा बंबाच्या वरताण ओरडली. "भांड्याला टेलिफोन लावलास की काय?"

चार लोक हसले. मर्लीनने आकडा हलू दिला नाही. तीही तेवढ्याच जोराने ओरडली, "मला वास येत नाही, ग्रेटा! तीन वर्षं झाली! ऐकू दे मला!"

नेमके तेव्हाच ढोलही थांबले आणि भोंगाही, त्यामुळे ते सगळ्या मैदानाने ऐकले. मर्लीन खाली पाहत ऐकत राहिली, मी बोलत राहिलो. दोन बुडूक. मग एक, अगदी जड. तिने आकडा खाली ठेवला.

"डेव्हॉन, झालं."

निखारे झाडले, झाकण उचलले. वर सोनेरी थर, कडेने दाट तांबूस रस. परीक्षक ऑर्व्हल टटल आले. बंबाचे प्रमुखही तेच, त्यामुळे जरा ओशाळलेले होते. त्यांनी चमचा तळापर्यंत घातला, खाल्ले, वहीत काहीतरी लिहिले आणि आमच्या चर्चच्या रिवाजाने म्हणाले, "सिस्टर बॅगली, भोंग्याबद्दल माफ करा." बाकी त्यांच्या तोंडावरून काही कळले नाही.

मर्लीनने डेव्हॉनकडे पाहिलेच नाही. त्याचे उत्तर तिला पाठ होते. तिने एक वाटी भरली आणि शेजारच्या टेबलावर नेली. "ग्रेटा, तू तोंडावर बोलतेस म्हणून तुला विचारते. लोखंड लागतंय का?"

ग्रेटाने घास घेतला. चावला, गिळला.

"लोखंड नाही लागत," ती म्हणाली. "करपलेलंही नाही. दालचिनी मात्र जास्त झालीय."

"किती जास्त?"

"अर्धा चमचा." आणि मग ग्रेटाचा आवाज बदलला. "मर्लीन, तुझं भांडं मी घासलं होतं. साबणाने. नंतर जेव्हा मी शिकले, तेव्हा कळलं मी काय केलं ते. मला वाटलं, त्या रागानेच तू स्पर्धा सोडलीस. पेटुनिया वगैरे काही नव्हतं गं. गुपचूप नेऊन, तेल मुरवून, होतं तसं करून परत देणार होते."

"तीन वर्षं तू हे पोटात ठेवलंस?"

"तूही नाकाचं गुपित ठेवलंस ना!"

दोघी एकमेकींकडे पाहून अशा हसल्या, की डेव्हॉन काय झाले म्हणून धावत आला.

नाल कुणाला मिळाला? ग्रेटाला. तिचा मांसाचा रस्सा खरेच उत्तम होता, आणि अर्ध्या चमच्याने आम्ही हरलो. पण परीक्षकांनी जेवायला या म्हणून हात वर करताच माणसांची रांग माझ्यापुढे लागली आणि बारा भांड्यांत सगळ्यात आधी रिकामा मी झालो. शेवटी एका मुलीने बोटाने माझी कड पुसून घेतली. दुसरा नंबर मी मिरवतो, पण ते बोट त्याहून जास्त मिरवतो.

संध्याकाळी ग्रेटाने मला धुतले. मर्लीनने तिला मुद्दाम धुवायला लावले. गरम पाणी, ब्रश, आचेवर कोरडे, तेलाचा पातळ हात. मर्लीन कमरेवर हात ठेवून पाहत होती. "साबण घेतलास तर हात मोडीन," ती म्हणाली. आता दालचिनी ग्रेटा चाखून सांगते, आणि आकडा माझ्याजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो.

तर मित्रांनो, एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरी बिडाचा तवा असेल, आजोळची कढई असेल, तिला साबण लावू नका, ओली ठेवू नका, तेलाचा हात विसरू नका. आणि एखाद्याची एक गोष्ट गेली, म्हणून त्याला शेडमध्ये नेऊन पालथा घालू नका, मग ते भांडे असो की माणूस. त्याने स्वतःच स्वतःला पालथे घातले असेल, तर जाऊन सुलटे करा.

कालच मर्लीनने माझ्यात बटाटे घातले. आकडा लावला, कान टेकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारले, "बोल, काय म्हणतोस?"

मी म्हटले, "अजून पाच मिनिटे." आणि ती पाच मिनिटे थांबली.